परळचे जर्नल आणि हकीम साहेबांचे नाव

उल्हासनगर कॅम्प २ मध्ये राहणाऱ्याला १९४९ हे साल माहीत असते. कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला त्या वर्षी उल्हासनगर हे नाव मिळाले. त्याच वर्षी मुंबईत आणखी एक गोष्ट घडली. परळच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा लेख 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आला. पन्नास रुग्णांना सर्पगंधेचे औषध दिले, तर वाढलेला रक्तदाब खाली येतो, असा त्याचा आशय होता. अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी या वनस्पतीचे प्रयोग सुरू केले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले, आणि रक्तदाबावर गोळी असते हे जगाला कळले. वकिलांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मला रस आहे तो त्याआधीच्या अठरा वर्षांत.

सर्पगंधा, म्हणजे आपल्या युनानी हकीमांची असरोल. बिहारकडे तर ती 'पागल की दवा' म्हणूनच विकली जाई. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 'इंडियन मेडिकल वर्ल्ड' या नियतकालिकात स्पष्ट लिहिले होते की हे औषध वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालते. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी या मुळातून अल्कलॉइड वेगळी काढली आणि तो लेख भारतीय रसायनशास्त्र परिषदेच्या जर्नलमध्ये दिला. एका अल्कलॉइडला त्यांनी नाव दिले अजमलीन. तिब्बिया कॉलेज उभारणारे आणि सिद्दीकींना तिथे बोलावणारे हकीम अजमल खान १९२७ मध्ये वारले होते. जर्मनीत शिकून आलेल्या रसायनशास्त्रज्ञाने आपल्या हकीम साहेबांना वाहिलेली याहून चांगली आदरांजली मला तरी ठाऊक नाही. युरोपात हृदयाचा एक दुर्मीळ विकार ओळखण्यासाठी आजही अजमलीन टोचतात. तिथल्या किती डॉक्टरांना त्या नावामागचा माणूस माहीत असेल?

म्हणजे माहिती होती, छापलेलीही होती. पण ती भारतात छापली होती. लंडन-बोस्टनच्या ग्रंथालयांत ही अंकांची चळत पोहोचत नव्हती, आणि पोहोचली तरी उघडत कोण? वकिलांचे श्रेय मी कमी करत नाही. त्यांनी रुग्ण नीट मोजले, नोंदी ठेवल्या. तरी तोच लेख त्यांनी मुंबईतल्या एखाद्या मासिकाला दिला असता तर काय झाले असते, हा प्रश्न मनातून जात नाही.

ही सवय जुनी होती. १८९६ च्या प्लेगनंतर परळलाच, आज जिथे हाफकिन संस्था आहे तिथे, प्लेगवर मोठे संशोधन झाले. उंदीर मुंबईचे, पिसवा मुंबईच्या, मेलेली माणसेही मुंबईची. अहवाल छापले गेले ते केंब्रिजच्या 'जर्नल ऑफ हायजीन'मध्ये. १९१३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' निघाले. पण परदेशात पोहोचण्याचा प्रश्न तसाच राहिला.

तो सुटायला सुरुवात झाली तीही परळमधूनच, हे गंमतीचे आहे. केईएम आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या अध्यापकांनी १९५५ पासून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' चालवले होते. २००० च्या सुमारास त्याचे नवे-जुने अंक इंटरनेटवर सर्वांना फुकट वाचायला ठेवले गेले. लेखकाकडून पैसे नाहीत, वाचकाकडूनही नाहीत. छापील अंकाची वर्गणी तेवढी चालू. यामागे होते डॉ. डी. के. साहू. शिक्षणाने बालरोगतज्ज्ञ, १९९७ मध्ये मुंबईत मेडनो ही प्रकाशनसंस्था काढणारे. फुकट दिले तर वर्गणीदार पळतील, ही भीती कुणालाही वाटली असती. पण साहू, नित्या गोगटे आणि संदीप बावडेकर यांनी पुढे हिशेब मांडला तेव्हा दिसले की नव्वदच्या दशकातले, धूळ खात पडलेले लेखसुद्धा खुले झाल्यावर इतर संशोधकांकडून जास्त उद्धृत होऊ लागले. मग एकेक भारतीय जर्नल त्याच वाटेने गेले. सार्वजनिक आरोग्याची राष्ट्रीय जर्नलेही त्यात आली.

२०११ मध्ये मेडनो वोल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय कंपनीने विकत घेतली. मला याचे वाईट वाटते, हे लपवत नाही. शिवाय आता अनेक जर्नले लेखकाकडूनच फी घेतात, आणि फीसाठी काहीही छापणाऱ्या बनावट जर्नलांचा बाजार आपल्याच देशात जोरात आहे. त्या गर्दीत खऱ्या माणसाचे काम पुन्हा दिसेनासे होते, फक्त कारण वेगळे.

तरीही आमच्या कॅम्पमधला एखादा डॉक्टर आज रात्री मोबाइलवर परळचे जर्नल उघडू शकतो, आणि नैरोबीतलाही. ते इंग्रजीत आहे. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून मला हे खुपते: ज्या हकीमांच्या कपाटात असरोल होती, त्यांचे अनुभव उर्दूत होते आणि ते आजही कुठल्याच यादीत सापडत नाहीत.

सिद्दीकी १९५१ मध्ये पाकिस्तानात गेले, तिथेच संशोधन संस्था उभारत राहिले. कराचीकडून इकडे आलेल्यांच्या वसाहतीत बसून मी त्यांच्याविषयी लिहितो आहे. त्यांचा १९३१ चा लेख ज्या जर्नलमध्ये आला, ते भारतातच राहिले.