मलकापूरच्या सभेतले ‘सावकर’

‘सावकर’ म्हणजे विनय कोरे. वारणेचा साखर कारखाना उभारणाऱ्या तात्यासाहेब कोऱ्यांचे हे नातू. २००४ मध्ये त्यांनी जनसुराज्य शक्ती हा स्वतःचा पक्ष काढला आणि ते राज्यात मंत्रीही झाले. पूर्वीचा पन्हाळा मतदारसंघ पुनर्रचनेत गेल्याने २००९ पासून ते शाहूवाडीतून लढतात. २०१४ मध्ये शिवसेनेच्या सत्यजित पाटील-सरूडकरांनी त्यांना अवघ्या ३८८ मतांनी हरवले. तेव्हापासून एकेक वाडी मोजण्याची सवय सगळ्यांनाच लागली असावी! प्रचारात वारणाकाठी उसाचे बोलून भागते. मलकापूरच्या पश्चिमेला, आंबा घाटाच्या बाजूच्या डोंगरी गावांत मात्र आधी रस्त्याचा हिशेब द्यावा लागतो. २०१९ला जिंकलेली जागा त्यांनी २०२४ला सरूडकरांविरुद्धच राखली.