पाण्याचा ताण कोणी मोजला?

या उकाड्यात गोदेच्या काठी बसून पाण्याविषयी बोलावे यात नवल नाही. परंतु आम्ही बोलणार आहो ते पाण्याच्या अगदी वरच्या पापुद्र्याविषयी. पाण्यावर सुई अलगद आडवी ठेविली तर ती तरंगते, हा खेळ आपण लहानपणी केलेला आहे. पृष्ठभागावरील कणांना आतले कण आपल्याकडे ओढतात, त्यामुळे तो पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. यालाच पृष्ठताण म्हणतात. २० अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा हा ताण एका सेंटिमीटरला ७२.८ डाइन, म्हणजे जेमतेम ७४ मिलिग्रॅम वजनाइतका. एवढीशी ओढ मोजावयाची कशी आणि कोणी?

आमची याच्याशी गाठ पडली ती प्रयोगशाळेत नव्हे, तर सातपूरच्या एका कारखान्यातील प्लेटिंग खात्यात. धुतलेला भाग पाण्यातून काढून तिरपा धरावयाचा. पाण्याचा पडदा अखंड राहिला तर माल स्वच्छ, फाटून थेंब झाले तर तेल शिल्लक. एका जुन्या कामगाराने असे थेंब पाहून 'हा माल घेऊ नका' म्हणून सांगितले. साहेब म्हणाले, 'आकडा दाखव.' आकडा त्याच्यापाशी कोठून असणार? माल प्लेटिंगला गेला, मुलामा सुटला आणि पगार कापला गेला तो त्याचाच. कारखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. आम्ही मात्र त्या रागाने वाचनालयाची पायरी चढलो, आणि तेथे अॅग्नेस पॉकल्स हे नाव भेटले.

या बाईंचा जन्म १८६२ सालचा, व्हेनिसचा. आयुष्य गेले जर्मनीतील ब्राउनश्वाइग गावी. मुलींना तेव्हा तेथे विद्यापीठाचे दार बंद होते. आजारी आईबापांची सेवा आणि स्वयंपाकघर त्यांच्या वाट्याला आले. धाकटा भाऊ फ्रीडरिश पदार्थविज्ञान शिकत होता. त्याने पाठविलेल्या पुस्तकांवर त्यांचा अभ्यास चाले. भांड्यांच्या तेलकट पाण्याकडे त्या पाहात, आणि केवळ पाहून थांबल्या नाहीत.

त्यांनी ७० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर उंच अशी पत्र्याची पन्हळ घेतली, काठोकाठ पाण्याने भरली आणि तिच्यावर पत्र्याची पट्टी आडवी टाकली. पट्टी सरकविली की एका बाजूचा पृष्ठभाग आकसे, दुसऱ्या बाजूचा पसरे. ताण मोजण्यासाठी ६ मिलिमीटर व्यासाची छोटी चकती पाण्याला टेकवून, ती सुटण्यास किती वजन लागते हे त्या हलक्या तराजूने पाहात. आढळले असे की, मळलेला पृष्ठभाग आकसत नेला तरी एका मर्यादेपर्यंत ताण शुद्ध पाण्याइतकाच राहतो. ती ओलांडली की तो झपाट्याने उतरतो.

जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी हे सारे लॉर्ड रॅले यांना पत्राने कळविले. रॅले याच विषयात गढलेले होते. पत्र जर्मन भाषेत. त्याचे इंग्रजी त्यांच्या पत्नीने केले, आणि १२ मार्च १८९१ च्या 'नेचर'मध्ये ते छापून आले. रॅले यांनी ते आपल्या नावाच्या पोटात घातले नाही, याबद्दल आम्ही त्यांना मानतो. पुढे अमेरिकेत लँगम्यूर यांनी ही पन्हळ सुधारली. त्यांना १९३२ चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगने सत्तरीच्या बाईंना सन्माननीय डॉक्टरेट दिली. उशीर झाला खरा.

ही पन्हळ आपल्या मुलखापासून दूर राहिली नाही. १९६० च्या सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, जलाशयातील बाष्पीभवन रोखण्यासाठी, एकाच रेणूच्या जाडीचे थर पाण्यावर पसरून त्यांचा अभ्यास झाला. अल्कॉक्सी एथॅनॉल या जातीचे पदार्थ तेथे तपासले गेले. असा थर दाट दाबला गेला, म्हणजे पृष्ठताण पुरेसा उतरला, तरच वाफ अडते. तेव्हा पुन्हा मोजमाप त्या ताणाचेच. दुष्काळी मुलखात याचे मोल काय, ते सांगावयास नको. पण प्रयोगशाळेच्या पन्हळीत वारा नसतो. धरणावर तो असतो, आणि थर फाटून काठाला जातो.

त्या जुन्या कामगाराचे कापलेले पैसे काही परत मिळाले नाहीत. पुढच्या करारात मात्र पाण्याच्या पडद्याची चाचणी आम्ही तपासणीच्या कागदावर चढवून घेतली, आणि तिच्यापुढे सही कामगाराची.