नेरळला उतरावे की खोपोलीला? दोन कौटुंबिक हॉटेलांचा इतिहास

खोपोली लोकल कल्याण सोडते आणि विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके मागे टाकत वांगणी, शेलूवरून नेरळला येते. सुटीत मुलेबाळे घेऊन निघालेल्या कुटुंबांची येथे वाटणी होते. काही जण नेरळला उतरून माथेरान चढतात. उरलेले कर्जत, पळसदरी करत शेवटच्या स्थानकापर्यंत बसून राहतात आणि खोपोलीहून वाहन करून इमॅजिका हे उद्यान गाठतात.

मुक्काम करणाऱ्यांसाठी दोन्हीकडे कौटुंबिक हॉटेले आहेत. माथेरानवर ‘द बाइक’, तर इमॅजिकाच्या शेजारी ‘नोवोटेल’. पहिल्याचे नाव १८५१ सालच्या एका घराचे आहे. दुसरे २०१५ मध्ये उघडले. सहलीहून परतलेली मंडळी या दोन मुक्कामांची तुलना करतात ती पोहण्याचा तलाव, नाश्ता आणि खोलीचे भाडे यांवरून. इतिहासाच्या अंगाने पाहिले तर प्रश्न वेगळाच निघतो. बदलापूर ते नेरळ हे अंतर लोहमार्गाने जेमतेम वीस किलोमीटर. घर इतके जवळ असताना एखादे कुटुंब परक्या खोलीत रात्र काढायला पैसे का मोजते?

याचे एक उत्तर डोंगराने दिले आणि दुसरे तिकिटाने.

डोंगराची गोष्ट आधी. मे १८५० मध्ये ठाणे जिल्ह्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याचा तळ डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी, चौक गावी पडला होता. तो वन ट्री हिलच्या बाजूने माथ्यावर चढला आणि रामबागेच्या घळीने खाली उतरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा आला आणि एक झोपडे उभारून राहिला. पुढच्या वर्षी त्याने पक्के घर बांधले. त्या घराचे नाव ‘द बाइक’. (ज्या गावात मोटारसायकलला मज्जाव आहे, तेथल्या हॉटेलच्या पाटीवर हे नाव वाचून आजची मुले हसतात. मॅलेटच्या काळी मोटारसायकल जन्मालाच आली नव्हती.) अर्थात मॅलेटने माथेरान ‘शोधले’ असे म्हणण्याची रीत असली, तरी पायथ्याच्या ठाकर आणि कातकरी वस्त्यांना हा डोंगर ठाऊकच होता. मॅलेटने आणली ती उन्हाळ्यात तेथे जाऊन राहण्याची साहेबी सवय.

सवयीला रस्ता हवा असतो. १२ मे १८५६ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग खोपोलीपर्यंत खुला झाला आणि नेरळ मुंबईच्या आवाक्यात आले. बोरघाटाचा चढ बांधून व्हायला १८६३ साल उजाडले. तोवर पुण्याच्या प्रवाशाला खोपोलीला उतरून पालखीने किंवा घोड्यावरून खंडाळ्याला चढावे लागे. म्हणजे या वाटेवर वाहन बदलणे ही जुनीच रीत. बदलापूरचे नावच येथे घोडे बदलत असत यावरून पडले, असे सांगतात. लोककथा म्हणून ती गोड आहे. पुरावा म्हणून तिच्यावर फार भार टाकू नये.

मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने माथेरानला आश्रय दिला आणि तेथे रस्ते, बंगले उभे राहू लागले. सुरुवातीच्या पाहुण्यांची राहण्याची पद्धत आजच्या कुटुंबाला नवलाची वाटेल. नोकरचाकर, भांडीकुंडी आणि बिछाने घेऊन कुटुंबे अख्खा मे महिना बंगल्यात काढत. हॉटेल होते ते ज्यांना बंगला परवडत नसे त्यांच्यासाठी. १८७६ हे स्थापनावर्ष सांगणारे रग्बी हॉटेल याच काळातले. म्हणजे हॉटेल ही चैनीची नव्हे, काटकसरीची सोय होती, आणि युरोपियनांमागोमाग पारशी, बोहरा, गुजराती व्यापारी कुटुंबे डोंगरावर येऊ लागल्यावर तिचे महत्त्व वाढत गेले.

नेरळहून वर जायचे तर पालखी, घोडा किंवा स्वतःचे पाय. हा त्रास दूर केला तो सर आदमजी पीरभॉय या मुंबईच्या धनाढ्य बोहरा व्यापाऱ्याच्या पैशाने आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीने. सुमारे सोळा लाख रुपये खर्चून दोन फूट रुंदीचा, एकवीसेक किलोमीटरचा नागमोडी मार्ग बांधला गेला आणि २२ मार्च १९०७ रोजी जर्मन बनावटीच्या इंजिनांची गाडी माथेरानला पोचू लागली. डोंगर तोडून सरळ जाण्याऐवजी त्याला वळसे घालत चढायचे, हे त्या मार्गाचे सूत्र. म्हणून संपूर्ण मार्गावर बोगदा एकच, तोही चुटकीसरशी संपणारा.

या गाडीने हॉटेलांना गिऱ्हाईक दिले. आणखीही एक गोष्ट दिली, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. सावकाश चढणाऱ्या गाडीने सकाळी येऊन संध्याकाळी परतायचे म्हटले की दिवस प्रवासातच सरतो. मुलांसह आलेल्या कुटुंबाला रात्र काढणे भागच पडे. हॉटेलला पाहुणा अडवून धरावा लागत नसे; ते काम आठशे मीटरची उंची करी.

त्यातूनच माथेरानच्या हॉटेलांची एक खास रीत घडली. खोलीच्या भाड्यातच नाश्ता, दोन्ही वेळचे जेवण आणि चहा. जेवणाच्या घंटेभोवती दिवस फिरतो. दुपारी झोप, संध्याकाळी एखाद्या पॉइंटवर सूर्यास्त आणि रात्री अंगणात हाऊसी किंवा अंताक्षरी. आज ‘सगळे एका पॅकेजमध्ये’ ही कल्पना परदेशी रिसॉर्टांकडून आली असे अनेकांना वाटते. माथेरानवर ती कितीतरी जुनी आहे. स्वयंपाकघरावर गुजराती, जैन, मारवाडी गिऱ्हाइकांची छाप इतकी गडद की कितीतरी हॉटेले पूर्ण शाकाहारी झाली. ‘द बाइक’ त्यांपैकीच एक. बंदूक घेऊन डोंगर चढलेल्या कलेक्टरच्या घराचे नाव आज शुद्ध शाकाहारी पंगतीवर मिरवते, हा उलटफेर कोणत्याही सनावळीत नोंदवलेला नाही, पण माथेरानचे समाजजीवन किती बदलले हे तो नेमके सांगतो.

आता खोपोलीच्या बाजूला.

उद्यान आणि हॉटेल यांचे नाते समजण्यासाठी क्षणभर अमेरिकेत जावे लागते. १९५५ मध्ये वॉल्ट डिस्नेने कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले, तेव्हा त्याच्याकडे हॉटेल बांधण्याइतका पैसा उरला नव्हता. शेजारचे डिस्नेलँड हॉटेल जॅक रॅदर या दुसऱ्याच उद्योजकाने बांधले. भोवताली इतरांची मोटेले उगवली आणि उद्यानामुळे आलेल्या पाहुण्यांचा पैसा कुंपणाबाहेर जाऊ लागला. हा अनुभव डिस्नेला जिव्हारी लागला. फ्लॉरिडात कंपनीने सुमारे सत्तावीस हजार एकर जमीन घेतली आणि १९७१ मध्ये तेथले उद्यान उघडले ते स्वतःच्या हॉटेलांसह. पाहुणा सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत एकाच आवारात राहावा, हे तेव्हापासून या धंद्याचे गणित झाले.

मुंबईकरांना अशा उद्यानाची ओळख झाली ती १९८९ मध्ये, गोराईच्या एस्सेलवर्ल्डमुळे. उल्हासनगर-बदलापूरच्या शाळांसाठी ती पहाटे निघून रात्री परतण्याची सहल होती. मुक्कामाचा प्रश्नच नसे. चित्रपटव्यवसायातून आलेल्या मनमोहन शेट्टी यांनी १८ एप्रिल २०१३ रोजी खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका उघडले, तेव्हा हिशेब निराळा होता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जवळ, दोन्ही महानगरे हाकेच्या अंतरावर. हीच सोय अडचणही होती. जो सहज येऊ शकतो तो सहज परतही जातो.

मग परतणाऱ्याला थांबवायचे कसे? २०१४ मध्ये लगतच जलोद्यान सुरू झाले. दोन उद्याने, दोन तिकिटे आणि एका दिवसात दोन्ही उरकणे कठीण. सप्टेंबर २०१५ मध्ये फ्रान्सच्या अकोर समूहाच्या नावाने नोवोटेलचा पहिला टप्पा ११६ खोल्यांसह उघडला. पूर्ण आराखडा २८७ खोल्यांचा होता. दिवसभर नायट्रोच्या झोक्यांनी आणि राजासॉरसच्या पाण्याने दमलेली मुले खोलीत निजावीत, सकाळी बुफेवर नाश्ता करून दुसऱ्या उद्यानात शिरावीत, अशी ही रचना. (राजासॉरस हा कल्पित प्राणी नव्हे, त्याचे जीवाश्म गुजरातच्या खेडा जिल्ह्यात सापडले.) माथेरानात जे काम उंची करत होती, ते येथे दुसऱ्या दिवसाचे तिकीट करते.

आरामाच्या तराजूत नोवोटेलचे पारडे जड आहे, यात शंका नको. आजी-आजोबा सोबत असतील तर गाडी थेट दारापर्यंत जाते. माथेरानात दस्तुरी नाक्यावर मोटार सोडावी लागते, नगरपरिषदेचा प्रवेशकर भरावा लागतो आणि लाल धुळीची वाट तुडवावी लागते. माकडे हातातला खाऊ पळवतात ते वेगळेच. तरीही कुटुंब म्हणून एकत्र घालवलेला वेळ मोजला तर माथेरानचे जुने हॉटेल सरस ठरते. उद्यानात कुटुंब विखुरते. उंचीच्या अटीमुळे धाकटा एका रांगेत, थोरला दुसऱ्या रांगेत, आणि आईवडील पिशव्या सांभाळत बाकावर. हॉटेलवर परत येईपर्यंत बोलण्याचे त्राण कोणात उरत नाही. हाऊसीच्या टेबलाभोवती मात्र आजी आणि नातू एकाच आकड्याची वाट पाहतात.

मुख्य फरक मात्र पैशाच्या वाटेत आहे. इमॅजिकात कुटुंबाने खर्चलेला बहुतेक रुपया एकाच फाटकाच्या आत फिरतो. माथेरानात तो फाटतो, सांडतो, वाटला जातो. नेरळचा टॅक्सीवाला, दस्तुरीचा घोडेवाला, हमाल, हातरिक्षा ओढणारा, चिक्की आणि चपला विकणारा दुकानदार यांच्या हातून जात जात तो हॉटेलात पोचतो. म्हणून छोटी गाडी बंद पडली की साऱ्या गावाचा श्वास अडकतो. २६ जुलै २००५ च्या पावसाने मार्ग वाहून गेला, तो सुरू व्हायला २००७ उजाडले. मे २०१६ मध्ये रुळांवरून डबे घसरल्याने गाडी थांबली, ती जानेवारी २०१८ मध्ये परतली. २०१९ च्या पावसाळ्यात, ज्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली त्याच पावसाळ्यात, मार्गाची पुन्हा दैना झाली आणि नेरळहून गाडी सुटायला ऑक्टोबर २०२२ यावा लागला.

उलट इमॅजिकाचे संकट कर्जाचे होते. उभारणीसाठी काढलेल्या कर्जाचा भार पेलेना, त्यात २०२० च्या टाळेबंदीने फाटकाला कुलूप लागले. २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने कंपनीचा ताबा घेतला. तेथे फाटक बंद होते तेव्हा सगळेच एकदम बंद होते, आणि उघडते तेव्हा एका सहीने उघडते.

एवढ्यावरून माथेरानची पद्धत न्याय्य आणि इमॅजिकाची स्वार्थी असा निवाडा करणे घाईचे ठरेल. माथेरानात वाटला जाणारा तो रुपया माणसाच्या पाठीवरून चढत होता. मॅलेटच्या काळापासून पाहुण्यांचे सामान, हॉटेलचे धान्य, आजारी माणसे आणि हौशी पर्यटक हे सारे कोणीतरी उचलून किंवा ओढून वर नेले आहे. मोटारबंदीमुळे हवा स्वच्छ राहिली, २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषितही झाला. पण या स्वच्छतेची किंमत हातरिक्षा ओढणाऱ्याच्या फुप्फुसांनी मोजली.

याच गावात १ डिसेंबर १९१२ रोजी एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. पाहुण्यांच्या सेवेवर जगणाऱ्या वस्तीतला हा मुलगा वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला आणि १९४२ च्या आंदोलनात आझाद दस्ता उभारून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडू लागला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. रग्बी हॉटेलसमोरून जाणाऱ्या रस्त्याला आज विठ्ठलराव कोतवालांचे नाव आहे. सुटकेस घेऊन त्यावरून जाणाऱ्या फार थोड्या कुटुंबांना ते कोण हे ठाऊक असते.

डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने माथेरानात ई-रिक्षांची चाचणी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने, माणसाने माणसाला ओढून नेण्याची ही प्रथा अमानवी असल्याचे सांगत हातरिक्षा सहा महिन्यांत थांबवण्याचा आणि त्या ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला. घोडेवाल्यांचा ई-रिक्षांना विरोध होता, कारण त्यांच्याही पोटाचा प्रश्न त्याच वाटेवर उभा होता. दस्तुरीहून हॉटेलच्या पायरीपर्यंतचे ते काही किलोमीटर, मॅलेटनंतर पावणेदोनशे वर्षांनी, कोणी आणि किती दामात पार करून द्यायचे याचा हिशेब आता नव्याने मांडला जात आहे.