राइट फ्लायर

मानवास घेऊन स्वतःच्या एंजिनाच्या शक्तीवर नियंत्रित उड्डाण करणारे, हवेपेक्षा जड असे पहिले विमान. ओर्व्हिल व विल्बर या राइट बंधूंनी बनविलेल्या या विमानाने १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील किटी हॉकनजीक चार उड्डाणे केली. पहिले १२ सेकंदांचे, तर शेवटचे ५९ सेकंदांचे व सु. २६० मी. अंतराचे होते. त्याच दिवशी सोसाट्याच्या वाऱ्याने उलटून मोडल्यावर ते पुन्हा उडाले नाही.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने मात्र आपले दिवंगत सचिव सॅम्युएल लँग्ली (१८३४–१९०६) यांच्या विमानास अग्रमान दिला. १९०३ मध्ये दोन्ही प्रयत्नांत ते पोटोमॅक नदीत कोसळले होते. १९१४ मध्ये ग्लेन कर्टिस यांनी त्यात बरेच फेरफार करून ते थोडेसे उडविले. फेरफारांचा उल्लेख टाळून, मानवासह उड्डाणास समर्थ असे हेच पहिले विमान, अशी पाटी संस्थेने लावली. सामान्य प्रेक्षक पाटीवरूनच इतिहास जाणतो, म्हणून ही बाब क्षुल्लक नव्हती. ओर्व्हिल यांनी १९२८ मध्ये फ्लायर लंडनच्या विज्ञान संग्रहालयाकडे पाठविले. १९४२ मध्ये संस्थेने चूक जाहीरपणे मान्य केली. १७ डिसेंबर १९४८ रोजी विमान वॉशिंग्टनमध्ये मांडले गेले. ओर्व्हिल त्याच वर्षी जानेवारीत निवर्तले होते. अन्य विमानास अगोदरच्या उड्डाणाचे श्रेय दिल्यास फ्लायर वारसांना परत करावे, अशी अट करारात आहे.

त्याच्या मूळ कापडाचे व लाकडाचे तुकडे १९६९ मध्ये अपोलो–११ बरोबर चंद्रावर गेले. विमानावर आज दिसणारे कापड १९८५ मध्ये चढविलेले आहे.