शजऱ्याच्या आधी फेरफार

महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुसलमान घरात विचारा, तुमचे पूर्वज मूळचे कुठले? उत्तर बहुतेक तयार असते. कुणी अरबस्तान सांगतो, कुणी बगदाद, कुणी आलमगिराच्या फौजेबरोबर आलेला सरदार. ‘आम्ही इथलेच’ हे उत्तरही मिळते, पण जरा हळू आवाजात. मग त्याच माणसाला त्याच्या पणजोबाचे नाव विचारा. पुष्कळदा तो थांबतो. पणजीचे नाव तर घरात कुणालाच माहीत नसते. शेकडो वर्षांपूर्वीचा पूर्वज तोंडपाठ आणि शंभर वर्षांपूर्वीचा बेपत्ता, अशी आपल्या घराण्यांच्या इतिहासाची अवस्था आहे.

आता जुने कागद मोबाइलवर दिसू लागलेत आणि तरुण मुले वंशावळ काढायला बसतात, ही चांगली गोष्ट आहे. फक्त बहुतेकांची सुरुवात उलट्या टोकाने होते. ‘शेख’ किंवा ‘सय्यद’ शब्द टाकून शोध घेतला की जगभरच्या शेख-सय्यदांचे वंशवृक्ष पडद्यावर येतात आणि त्यातल्या एखाद्या फांदीला आपले घर लटकवण्याचा मोह होतो. काही घरांत जुना शजरा असतो, तोही लगेच पुरावा म्हणून पुढे येतो. तो आधी नीट वाचून पाहावा. सूफी सिलसिल्याच्या शजऱ्यात मुर्शिद आणि मुरीद यांची साखळी असते, बाप आणि मुलाची नव्हे. पणजोबा कुणा पिराचा मुरीद होता, म्हणून त्या पिराचे खानदान आपले झाले असे होत नाही. खरा नसबनामा असला तरी तो कशासाठी लिहिला हे विचारायला हवे. इनाम टिकवायचे असेल तर वारसा दाखवावा लागे, आणि जिथे कागदावर जमीन अवलंबून असते तिथे कागद थोडाफार वाकतोच.

म्हणून वंशावळीच्या वहीत पहिल्या पानावर उद्दिष्ट एका वाक्यात लिहावे, आणि ते उत्तर मिळण्याजोगे असावे. ‘आपण कुठून आलो’ याला उत्तर देणारा कागद कुठल्याच कचेरीत नाही. ‘१९२० च्या सुमारास आपल्या घरातला कर्ता माणूस कोण, कुठल्या गावात राहत होता, काय करत होता आणि त्याच्या बहिणी कुठल्या गावी दिल्या होत्या’ याला आहे. ते सापडले की १९०० चा प्रश्न लिहायचा. आपल्यापासून मागे, एकेक पिढी, आणि हातात कागद आल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही. काम रटाळ आहे, पण यात खोटे पूर्वज घरात शिरत नाहीत.

फॅमिलीसर्च, ॲन्सेस्ट्री अशी मोठी परदेशी संकेतस्थळे यात फारशी उपयोगी पडत नाहीत. त्यांचा पाया चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या वह्यांवर आणि त्यांच्या देशातल्या घरनिहाय जनगणनेवर उभा आहे. आपल्या मशिदींत जन्माची वही ठेवण्याची रीत नव्हती. आपल्या शेजाऱ्यांना निदान त्र्यंबकेश्वर-पंढरपूरच्या बडव्या-पंड्यांच्या वह्या असतात, त्यात आजा-पणजा येऊन गेल्याची नोंद सापडते. आणि आपल्याकडच्या जुन्या जनगणनेचे अहवाल ऑनलाइन असले तरी त्यात आकडे आहेत, माणसे नाहीत. आपला माणूस सापडतो तो तलाठ्याच्या, कोतवालाच्या आणि शाळामास्तरच्या दप्तरात. ते दप्तर मराठीत आहे, आणि त्याआधीचे मोडीत.

पहिली पायरी शाळेची. प्रवेश-निर्गम नोंदवहीत, म्हणजे जनरल रजिस्टरमध्ये, मुलाचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि जात असते. दुसरी पायरी जमिनीची. मुंबई इलाख्यात शेतांची मोजणी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून लागू झाली आणि हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. त्या हक्कनोंदणीतून आलेली फेरफार वही ही सामान्य माणसाच्या घराण्याचा सर्वांत बोलका इतिहास आहे. सात-बारा फक्त मालक कोण हे सांगतो, फेरफार मालक का बदलला ते सांगतो. अमुक तारखेला अमुक मयत, वारस अमुक, अमुक. म्हणजे मृत्यूची नोंद आणि पुढच्या पिढीची यादी एकाच पानावर. राज्य सरकारच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर बऱ्याच ठिकाणचे जुने सात-बारा आणि फेरफार स्कॅन करून ठेवलेत. जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर टाकून थोडे शुल्क भरले की पान उतरवून घेता येते. जमीन कधीच नव्हती असे म्हणणाऱ्यांनीही पाहावे. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळांच्या नोंदी झाल्या, त्यात दुसऱ्याची जमीन कसणारी पुष्कळ नावे आहेत. मुलाण्याचे इनाम असेल, मशीद-दर्ग्याच्या दिवाबत्तीचे देवस्थान इनाम असेल, तर त्याचा वहिवाटदार म्हणून कुणाचे नाव लागले तेही तिथेच दिसते.

तिसरा कागद म्हणजे गाव नमुना १४, कोतवाल बुक. गावातले जन्म आणि मृत्यू कोतवालाने नोंदवायचे, जातीच्या रकान्यासह. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी गावोगावची जुनी दप्तरे उघडली, मोडी वाचणारे बसवले आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर कागद चढले. हा शोध आपल्यासाठी नव्हता. पण कोतवालाने वही जातवार ठेवली नव्हती. कुणब्याच्या घरी मुलगा झाल्याच्या ओळीखाली त्याच महिन्यात तांबोळ्याकडे मुलगी झाल्याची ओळ असू शकते, आणि स्कॅन होताना पान अख्खे होते. आपल्या गावाचे नाव त्या याद्यांत असेल तर ती पाने उघडून पाहायला काय हरकत आहे?

वाचताना एक अडचण येते, ती नावांची. कागदावर ‘इब्राहिम’ शोधाल तर सापडणार नाही, ‘इभ्राम’ सापडेल. महंमदचा ‘म्हमद’ किंवा ‘ममद’ झालेला असतो. दगडू, धोंडी, बाळा, बापू ही नावे आपल्या घरांतही सर्रास होती. मूल जगावे म्हणून दगड-धोंडा नाव ठेवण्याची रीत गावाची होती, तिला मजहब विचारला गेला नव्हता. आडनाव बहुतेक वेळा नसतेच. नाव, बापाचे नाव आणि पुढे धंदा: मुलाणी, अत्तार, बागवान, पिंजारी, शिकलगार. आज जे ‘शेख’ म्हणून मिरवतात त्यांचा आजा कागदावर फक्त ‘मुलाणी’ असतो, आणि काहींना ते वाचून वाईट वाटते. मला त्यात वाईट वाटण्यासारखे काही दिसत नाही. मुलाण्याला गावकीत मान होता, जत्रेचा बकरा त्याच्या हाताशिवाय कापला जात नव्हता आणि त्याबद्दल त्याला बलुते मिळे.

याला व्यवहाराचीही बाजू आहे. महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. शाळेच्या दाखल्यावर जातीच्या जागी नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असले की बागवान, तांबोळी, पिंजारी घरातल्या मुलांची पडताळणी अडते. शिष्यवृत्ती जाते, कधी मिळालेला प्रवेश जातो. अशा वेळी कोतवाल बुकातली ‘पिंजारी’ ही एक ओळ घरातल्या साऱ्या शजऱ्यांपेक्षा मोलाची ठरते. आपण खानदानी शेख आहोत म्हणून धंद्याचे नाव लपवणारे आजोबा आणि तेच नाव शोधत कचेऱ्यांत फिरणारा नातू, हे चित्र आज अनेक घरांत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मागे जायचे तर मोडीला पर्याय नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात गावोगावच्या इनामांचे, काझी-मुलाण्यांच्या वतनांचे, पीरस्थानांच्या नेमणुकांचे कागद आहेत. १८५२ च्या कायद्याने बसलेल्या इनाम कमिशनने ज्यांच्या सनदा तपासल्या त्यांच्याही फायली झाल्या. हे सगळे ऑनलाइन नाही, तिथे जावे लागते. पण जाण्याआधी मोडी शिकून घ्यावी. त्या मोडीत आपल्या लोकांना एक ओळखीची गोष्ट भेटते. मराठेशाहीच्या कागदांवर तारीख शुहूर सनात असते आणि तिचे आकडे अरबी शब्दांत: इहिदे, इसन्ने, सलास, आर्बा, खमस. पानिपतची लढाई झाली ते साल ‘इहिदे सितैन मया व अलफ’. अलफ म्हणजे हजार, मया शंभर, सितैन साठ, इहिदे एक, मिळून ११६१. हे साल मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलते. जून ते डिसेंबरच्या तारखेला त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीनंतरच्या तारखेला ६००. म्हणून जानेवारीत झालेले पानिपत १७६१ मध्ये येते. मदरशात अरबी गिनती घोकलेल्या मुलाला पेशव्यांच्या कारकुनाची तारीख फारशी अवघड जाणार नाही. त्याच कागदांत पाटलाचे नावही ‘अमका बिन तमका’ असे येते, आणि तो पाटील मराठा असतो.

इंग्रजांची गॅझेटिअरे मात्र जपून वाचावीत. रत्नागिरीचे १८८० चे, पुणे आणि साताऱ्याचे १८८५ चे, ही सगळी आज घरबसल्या मिळतात. त्यात मुसलमानांच्या पोटजातींची वर्णने आहेत: पोशाख, बोली, धंदा, लग्नाच्या रीती. ती माहिती उपयोगाची आहे. पण उत्पत्तीचा विषय आला की एकामागून एक जमातीपुढे औरंगजेबाच्या काळात धर्मांतर झाल्याचा तोच छापा मारलेला दिसतो. हे ऐकीव आहे. औरंगजेब बादशहा म्हणून दख्खनेत उतरला १६८१ मध्ये, आणि त्याआधी तीनशे वर्षे इथे बहमनी, निजामशाही, आदिलशाही होती. एखाद्या गावच्या कागदात १६८१ पूर्वीचा मुलाणी सापडला, तर निदान त्या गावापुरता तो छापा पुसला जातो. घरगुती वंशावळीचे काम इतिहासाच्या कामाला जोडले जाते ते अशा जागी.

आता पणजीकडे येऊ. वंशवृक्षात बायका नसतात, ही तक्रार नेहमीची आहे, पण कागदांत त्या अगदीच नाहीत असे नाही. त्या ठराविक वेळी येतात. जुन्या कागदात ‘अमकी कोम तमका’ म्हणजे तमक्याची बायको. फेरफारात ती नवरा मेल्यावर येते: मुले लहान, नावापुढे ‘अ.पा.क. आई’, अज्ञान पालनकर्ती. तीन-चार मुलांची नावे आणि शेवटी चांदबी किंवा हुसेनबी. पुष्कळ घरांत आपल्या पणजीचे नाव लिहिलेली ही एकमेव जागा असते. दुसऱ्यांदा बाई येते ती हक्कसोडीत. भावांनी वारस नोंद केली, बहिणींनी ‘राजीखुशीने’ हक्क सोडला, खाली अंगठा. कुराणाने मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे हे आपण व्यासपीठांवरून अभिमानाने सांगतो. पण १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळली गेली होती आणि आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला काय आले ते फेरफाराच्या त्या पानावर आहे. वंशावळ काढणाऱ्याने हे पान पाहून न पाहिल्यासारखे करू नये. हक्कसोडीत बहिणींची नावे आणि कधी सासरचे गावही असते, आणि तुटलेल्या आतेघरांचा पत्ता तिथूनच लागतो.

कोकणातल्या घरांना आणखी एक वाट आहे, समुद्राची. रत्नागिरी, रायगडच्या मुस्लिम गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे आगबोटींवर गेली, सारंग, तांडेल, खलाशी, भंडारी म्हणून. युद्धात बुडालेल्यांना कबर नव्हती. मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या साधारण साडेसहा हजार जणांची नोंदवही मुंबई आणि चितगाव अशा दोन ठिकाणी ठेवली आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर ही नावे फुकट शोधता येतात. इंग्रजी स्पेलिंग चार-पाच प्रकारे टाकून पाहावे लागते. नावापुढे जहाज आणि मृत्यूची तारीख असते, आणि कित्येकांच्या पुढे बापाचे, बायकोचे आणि गावाचे नावही.

२० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली ‘तिलावा’ तिसऱ्या दिवशी जपानी पाणबुडीने बुडवली. ९५८ जणांपैकी २८० गेले. बोटीवर काम करणारे जे बुडाले त्यांची नावे युद्धात गेलेले म्हणून या नोंदवहीत शोधता येतात. प्रवासी युद्धात कामी आलेले धरले गेले नाहीत, त्यांना ती वही नाही. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी देशोदेशी एकमेकांना गाठून नावे गोळा केली, आणि २०२२ मध्ये ऐंशी वर्षांनी मुंबईत जमून त्यांची याद केली. कोकणातल्या ज्या घरात ‘आजोबा बोटीवर गेले ते आलेच नाहीत’ एवढेच सांगितले जाते, तिथल्या मुलांनी वहीतले पहिले वाक्य तेच लिहावे: कुठली बोट, कुठली तारीख.