कॅलची जंत्री

संगणकाला 'कॅल' अशी आज्ञा देऊन तिच्यापुढे ९ आणि १७५२ हे दोन अंक लिहिले, की सप्टेंबर १७५२ ची जी जंत्री पडद्यावर उमटते, तीत मंगळवारी एक, बुधवारी दोन आणि लगेच गुरुवारी चौदा अशा तारखा दिसतात. मधल्या अकरा तारखांचा मागमूसही नसतो. प्रथमदर्शनी हा यंत्राचा प्रमाद वाटावा. वस्तुतः तो इंग्लंडच्या पार्लमेंटने केलेल्या एका कायद्याचा अंमल आहे.

ज्यूलियस सीझरने रूढ केलेले वर्ष तीनशे सव्वापासष्ट दिवसांचे, म्हणजे सौरवर्षाहून सुमारे अकरा मिनिटांनी मोठे असल्यामुळे, सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात दहा दिवस अलीकडे सरकला होता. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये फर्मान काढून ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर १५ ऑक्टोबरचा शुक्रवार आणला, तो स्पेन व पोर्तुगाल या कॅथलिक राज्यांनी तत्काळ मान्य केला. परंतु सुधारणा कितीही शास्त्रशुद्ध असली तरी ती रोमहून आलेली, एवढ्याच तेढीपायी इंग्लंडने जुना शिरस्ता पुढे सुमारे १७० वर्षे चालविला. दरम्यान १७०० हे साल जुन्या गणनेत लीप ठरले आणि नव्या गणनेत ठरले नाही. त्यामुळे लॉर्ड चेस्टरफील्ड यांनी १७५१ मध्ये पार्लमेंटापुढे मसुदा मांडला तेव्हा दहाचे अंतर अकरा झाले होते. हिरावलेले दिवस परत मागण्यासाठी लोकांनी दंगे केल्याची कथा पुष्कळ ग्रंथांतून येते. पण तिला भक्कम समकालीन आधार नाही. हॉगार्थच्या एका चित्रातील फलकावरून ती वाढली असावी, आणि चित्रकाराच्या विनोदाला इतिहासाची प्रतिष्ठा लाभण्याचा हा काही पहिलाच प्रसंग नव्हे.

पुढे न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही प्रणाली जन्मास आली, व तिच्या १९७१ च्या पहिल्याच माहितीपुस्तिकेत कॅलची नोंद झाली. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतील तिची संहिता वाचताना तिच्या कर्त्याच्या काटकसरीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. एका लहानशा सूत्राने इष्ट वर्षाच्या व त्यापुढील वर्षाच्या १ जानेवारीचा वार काढावयाचा, आणि त्या दोन वारांतील अंतर पाहावयाचे: अंतर एक असेल तर वर्ष ३६५ दिवसांचे, दोन असेल तर ३६६ दिवसांचे, आणि या दोहोंपैकी काहीच नसेल तर ते साल १७५२ खेरीज दुसरे असूच शकत नाही, कारण अकरा दिवस वजा जाऊन ते ३५५ दिवसांचे उरले व त्याचे अंतर पाच येते. मग सप्टेंबरच्या पदरी एकोणीस दिवस घालावयाचे, आणि छापताना तीन हा आकडा आला की त्यात अकरा मिळवून चौदावर जावयाचे, एवढ्यात काम भागते. त्याच कायद्याने इंग्लंडचा वर्षारंभ २५ मार्चवरून १ जानेवारीवर आणला होता; तो भाग मात्र कॅलने सोडून दिला आहे, आणि त्यापूर्वीचेही प्रत्येक वर्ष ती जानेवारीपासूनच मोजते. पुस्तिकेत या उणिवेची कबुली आहे, आणि ही जंत्री इंग्लंड व त्याच्या वसाहतींची आहे, असा स्पष्ट खुलासाही आहे.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला हा इंग्रजी पक्षपात सोयीचाच पडतो, कारण सतराव्या शतकातील सुरतेच्या व मुंबईच्या इंग्रज वखारींचे कागद जुन्या गणनेचेच आहेत. जेधे शकावलीप्रमाणे शिवाजीमहाराज शुक्रवारची रात्र तीन घटका उरली असता सिंहासनारूढ झाले. आपला वार सूर्योदयापासून धरला जात असल्याने इंग्रजी हिशेबाने ती शनिवारची पहाट होते, आणि जून १६७४ ची जंत्री कॅलकडे मागितली असता ६ तारीख शनिवारीच पडते. पोर्तुगीज गणनेने तोच दिवस १६ जूनचा. तेव्हा गोव्याचे पोर्तुगीज दप्तर चाळणाऱ्याने सतराव्या शतकातील तारखेचा वार कॅलला विचारण्यापूर्वी तीतून दहा दिवस वजा करावेत.