मध औषध म्हणून: कोणाला चालतो, कोणाला नाही

बाळ जन्माला आलं की सोन्याची अंगठी मधात बुडवून त्याच्या जिभेला लावायची, ही पद्धत अजूनही पुष्कळ घरांत आहे. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो: एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नका. बोटभरही नाही, घुटीतही नाही.

मधात कधी कधी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते माती आणि धुळीतून येतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मात्र अजून पुरेसे रुजलेले नसतात. तिथे हे बीजाणू उगवू शकतात आणि त्यांचं विष नसा ढिल्या पाडतं. आधी बद्धकोष्ठ होतं, मग रडणं क्षीण होतं, दूध ओढता येत नाही, पापण्या मिटायला लागतात, मान आणि हातपाय लुळे पडतात, शेवटी श्वास अडू शकतो. हा आजार विरळा आहे, पण झाला तर बाळाला अतिदक्षता विभागात ठेवावं लागतं.

"आमचा मध घरचा आहे, शुद्ध आहे" असं मला नेहमी सांगितलं जातं. इथे शुद्धतेचा प्रश्नच नाही. अस्सल मधातही बीजाणू असू शकतात आणि घरी उकळून ते मरत नाहीत. आधीच चाटवला असेल तर घाबरू नका, बहुतेक बाळांना काही होत नाही. महिनाभर वरच्या लक्षणांकडे लक्ष ठेवा. एखादं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि मध दिला होता हे डॉक्टरांना न लाजता सांगा. स्तनपान करणाऱ्या आईने मध खाल्ला तर चालतो, बीजाणू दुधात उतरत नाहीत.

खोकल्यासाठी

एक वर्षानंतर चित्र बदलतं. सर्दीबरोबर येणाऱ्या रात्रीच्या खोकल्यात झोपताना अर्धा ते एक छोटा चमचा मध दिला, तर खोकला थोडा कमी होतो आणि झोप लागते, असं अभ्यासांत दिसलं आहे. त्यानंतर दात घासायला लावा. धाप लागत असेल, ताप उतरत नसेल किंवा खोकला तीन आठवड्यांच्या पुढे गेला असेल, तर मधावर वेळ घालवू नका.

भाजलेल्या जखमेवर मध

यावरचं एक गाजलेलं काम आपल्या सोलापुरातलं आहे. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास १९९१ मध्ये ब्रिटनच्या शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ५२ जणांना मधाचं ड्रेसिंग केलं, ५२ जणांना नेहमीचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं. मधाच्या गटात ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या, दुसऱ्या गटात फक्त ७ टक्के. फरक इतका मोठा की वाचणाऱ्याने जरा थबकावं. अशा अभ्यासात कोणतं ड्रेसिंग केलंय हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही दिसत असतं, त्यामुळे एका ठिकाणच्या आकड्यांवर सगळं ठरवता येत नाही. २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा २६ चाचण्या एकत्र तपासल्या. मध्यम खोलीच्या भाजण्यात आणि शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमांत काही नेहमीच्या उपचारांपेक्षा मधाने लवकर बरं वाटतं, असं त्यात निघालं. पायावरच्या शिरांच्या व्रणांत फायदा दिसला नाही, आणि मधुमेही पायाबद्दल ठाम सांगण्याइतका पुरावा नव्हता.

मधमाशी मधात एक विकर मिसळते. जखमेच्या ओलाव्यात त्यातून हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. तापवलं की हे विकर बिघडतं, म्हणून वैद्यकीय वापराचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. स्वयंपाकघरातली बाटली म्हणजे तो मध नव्हे. भाजल्यावर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा आणि दाखवायला या. वर काही फासू नका.

माशी आजारी पडली तर?

पुण्यात १९६२ पासून खादी ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. आपल्याकडची सातेरी, कड्यांवरची आग्या, झुडपातली फुलोरी आणि बाहेरून आणलेली मेलिफेरा या माश्यांना स्वतःचे आजार आहेत. थाई सॅकब्रूड विषाणूने १९९० च्या दशकात दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती उद्ध्वस्त केल्या. व्हॅरोआ ही गोचिडीसारखी कीड मुळात आशियातल्या सातेरीवरची. ती मेलिफेरावर गेली आणि जगभर पसरली. माश्यांचे हे आजार माणसाला होत नाहीत. प्रश्न येतो तो उपचारांचा. पेट्यांत प्रतिजैविकं बेफिकीरपणे वापरली तर त्यांचे अंश मधात उतरतात, म्हणून एफएसएसएआयने त्यावर मर्यादा घातल्या आहेत. त्या अंशांची तपासणी प्रयोगशाळेतच होते.

भेसळीचंही तसंच. पाण्यात थेंब सोडणं, काडी पेटवून बघणं यातून काही कळत नाही, आजचे साखरेचे पाक या चाचण्या सहज पार करतात. तळाशी साखर बसली म्हणजे मध खोटा, हाही गैरसमज आहे. मधातलं ग्लुकोज थंडीत असंच गोठतं. बाटली कोमट पाण्यात ठेवा. एफएसएसएआय परवाना क्रमांक आणि गटाची तारीख बघून घ्या. महाबळेश्वर भागातून आणत असाल तर कोणत्या फुलोऱ्याचा आहे ते विचारा. सात-आठ वर्षांतून एकदा फुलणाऱ्या कारवीचा मध दरवर्षी मिळतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

मधुमेह असेल तर

मध ही साखरच आहे. एका छोट्या चमच्यात साधारण सहा ग्रॅम. सकाळी कोमट पाण्यातून घेतला तरी ती मोजावी लागते. एक वापर मात्र लक्षात ठेवा. इन्सुलिन किंवा गोळ्यांमुळे घाम, थरथर होऊन साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर एक मोठा चमचा मध द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.